वरच्याने खालच्याला पाणी का सोडावे?

पाटाच्या पाण्यावर शेती होते अशा कोणत्याही मुलखात एक भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याला पाणी आधी मिळते आणि हवे तेवढे मिळते. शेवटाला ज्याचे शेत, त्याच्यापर्यंत उरलेसुरले पोहोचते, तेही वरच्याची मर्जी असेल तर. हे भांडण मिटवायला कुठे सरकारी खात्याचा माणूस लागतो, कुठे कोर्ट. खानदेशातल्या फड पद्धतीसारख्या जुन्या व्यवस्थांनी पाटकरी नेमून हा प्रश्न गावातल्या गावात सोडवला होता. पण मुळातला प्रश्न कायम राहतो. वरच्याने खालच्याला पाणी सोडावे ते कशासाठी? भलेपणा म्हणून एखादा सोडील, एखाद्या वर्षी सगळेच सोडतील; शतकानुशतके सगळेच कसे सोडतील?

इंडोनेशियातल्या बाली बेटावर ते सोडत आले आहेत. या प्रश्नाचे तिथले उत्तर कळले की गेल्या पन्नासएक वर्षांत पर्यावरणाच्या अभ्यासात रुजलेली एक विचारपद्धतीही कळते. तिचे नाव जड आहे. ते पुढे येईलच; आधी शेते पाहू.

बाली आकाराने गोव्याच्या साधारण दीडपट. उत्तरेकडे ज्वालामुखींचे डोंगर आणि त्यांच्या उतारावरून दक्षिणेला समुद्राकडे धावणाऱ्या नद्या. या नद्यांनी खोल घळी कापलेल्या असल्यामुळे पाणी नदीतून सरळ शेतात घेता येत नाही. वर कुठेतरी बंधारा घालायचा, डोंगराच्या पोटातून बोगदा खणून पाणी काढायचे आणि मग ते पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांत खेळवायचे, अशी तिथली रीत. एका पाटावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला ‘सुबाक’ म्हणतात. ही मंडळे अकराव्या शतकापासूनच्या लेखांत भेटतात. एकेका नदीवर अशी डझनांनी मंडळे एकाखाली एक बसलेली असतात, आणि वरच्याने बंधारा पूर्ण अडवला तर खालची कोरडी पडतात.

पाणी कमी पडू नये यासाठी सोपा उपाय म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी लावणी न करणे. भाताला सर्वांत जास्त पाणी लावणीच्या सुमारास लागते. एकाने या महिन्यात लावले, दुसऱ्याने पुढच्या, तर तेच पाणी दोघांना पुरते. पण इथे दुसरी अडचण उभी राहते, ती किडीची. भातावरचे तुडतुडे आणि उंदीर एका शेतातले पीक निघाले की शेजारच्या उभ्या पिकात जातात. शेते आळीपाळीने पिकत राहिली तर त्यांना बारमाही अन्न मिळते. त्यांची उपासमार करायची असेल तर मोठ्या टापूतली सगळी शेते एकाच वेळी कापून काही आठवडे रिकामी, पाण्याखाली ठेवावी लागतात. म्हणजे किडीसाठी सगळ्यांनी एकत्र लावणी करावी आणि पाण्यासाठी वेगवेगळी. दोन्ही एकदम शक्य नाही. फार मोठा टापू एका वेळापत्रकावर आणला तर पाणी तुटते. फार लहान ठेवला तर कीड फोफावते.

वरच्याच्या औदार्याचे रहस्य याच पेचात आहे. वरच्या शेतकऱ्याला पाण्याची चिंता नाही, पण किडीची आहे. खालच्याला दोन्हींची आहे, पाण्याची अधिक. आता वरच्याने पाणी अडवले असे समजा. खालचा म्हणेल, ठीक आहे, पाणी येईल तेव्हा मी माझ्या सोयीने लावीन. त्याने उशिरा लावले की त्याच्या शेतात वाढलेली कीड वरच्याच्या पुढच्या पिकावर चढून येणार. तेव्हा वरचा हिशेब करतो: थोडे पाणी सोडावे, म्हणजे खालचा माझ्याबरोबर लावील आणि माझ्याबरोबर कापील. वरच्याच्या हातात पाणी आहे, तशी खालच्याच्या हातात कीड आहे. स्टीफन लान्सिंग हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ गेली कित्येक दशके बालीत काम करत आले आहेत. त्यांनी शेतकऱ्यांना तुम्हाला अधिक त्रास कशाचा, पाण्याचा की किडीचा, असे विचारले, तेव्हा वरचे बहुतेक किडीचे नाव घेत होते आणि खालचे पाण्याचे.

हा हिशेब दोन शेजाऱ्यांत समोरासमोर जमेल. नदीभर पसरलेल्या मंडळांत तो कसा जमवायचा? बालीत तो देवळांतून जमला. प्रत्येक बंधाऱ्यापाशी, पाणी वाटले जाते अशा प्रत्येक ठिकाणी एक देऊळ असते. एकाच पाण्यावर अवलंबून असलेली सुबाके त्या देवळाच्या उत्सवाला एकत्र येतात आणि तिथेच लावणीचे दिवस ठरतात. सगळ्यांच्या वर, बातुर ज्वालामुखीच्या विवरातल्या सरोवराशी देवी दानूचे मोठे देऊळ आहे. ‘दानू’ म्हणजे सरोवर. देवळातून शेतात जे पवित्र पाणी नेतात त्याला बालीत ‘तीर्त’ म्हणतात. आपला ‘तीर्थ’ शब्द समुद्र ओलांडून तिथे गेला आणि अजून ओळखू येतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. देवळातला पुजारी हुकूम सोडतो आणि सगळे पाळतात, असे चित्र मनात उभे राहण्याचा संभव आहे. तसे नाही. वेळापत्रक शेतकरीच ठरवतात. देऊळ त्यांना एकत्र बसायला जागा देते, ठरलेल्या शब्दाला वजन देते आणि किती मोठा टापू एकत्र चालावा याची एक रूढ मर्यादा देते.

१९७० नंतरच्या दशकात हरितक्रांती बालीत पोहोचली. हेतू निर्मळ होता. इंडोनेशिया तेव्हा तांदूळ आयात करणारा देश होता आणि लोकांना पोटभर भात हवा होता. लवकर तयार होणारी नवी वाणे, रासायनिक खते आणि कीटकनाशके असा संच कर्जासह शेतकऱ्यांना मिळाला. त्याबरोबर एक सूचनाही आली: ज्याला जमेल त्याने जमेल तितक्या वेळा, शक्य तितक्या लवकर पुढचे पीक घ्यावे. देवळांच्या वेळापत्रकाची गरज उरली नाही. कोणी ते मुद्दाम मोडले असेही नाही. कृषी खात्याच्या कागदावर ‘उत्पादन’ हा रकाना होता. ‘शेजाऱ्याबरोबर एकाच वेळी शेत रिकामे ठेवणे’ असा रकाना नव्हता.

पहिली काही पिके चांगली आली. मग पाण्याची टंचाई सुरू झाली, आणि तिच्या मागोमाग तपकिरी तुडतुडे आले. तुडतुड्यांना दाद न देणारे वाण आणले, तर त्यावर टुंग्रो नावाचा विषाणुरोग पडला. औषधांची फवारणी वाढवली, तर तुडतुडे खाणारे कोळी आणि इतर किडे आधी मेले. आपण एक चाल करतो आणि समोरून प्रतिचाल येते, असा तो खेळ झाला. अखेर १९८६ मध्ये इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. दरम्यान, १९७९ मध्ये आशियाई विकास बँकेच्या कर्जातून बालीच्या पाटबंधाऱ्यांचे ‘आधुनिकीकरण’ सुरू झाले होते. त्या आराखड्यात देवळांना स्थान नव्हते. तिकडे शेतकरी मात्र पुन्हा एकत्र लावणीकडे वळण्याची परवानगी मागत होते. लान्सिंग यांनी बँकेच्या अधिकाऱ्यांना हे सांगण्याचा प्रयत्न केला, तेव्हा एक मानववंशशास्त्रज्ञ देवधर्माची बाजू घेतो आहे असे त्यांना वाटले असावे. ते फारसे नवलाचे नाही.

म्हणून लान्सिंग यांनी जेम्स क्रेमर या परिसंस्थांच्या अभ्यासकाला बरोबर घेतले आणि संगणकावर दोन नद्या उभ्या केल्या: ऊस आणि पेतानू. (नदीचे नाव ऊस आहे, पीक भाताचे, योगायोग गमतीचा आहे.) या नद्यांवरची १७२ सुबाके, पाऊस, प्रवाह, भाताची वाढ, किडीचा प्रसार, सगळे त्यात घातले. मग वेगवेगळ्या पद्धती चालवून पाहिल्या. प्रत्येकाने आपापले लावले तर काय? सगळ्यांनी एकाच दिवशी लावले तर काय? दोन्ही टोकांना उत्पन्न कमी. सर्वांत चांगले उत्पन्न आले ते मधल्या आकाराच्या गटांत, म्हणजे देवळे ज्या मापाचे गट बांधत होती साधारण त्याच मापाच्या गटांत.

एवढे सिद्ध झाले तरी एखादा म्हणेल की प्राचीन काळी कोणीतरी हुशार राजाने हे गट आखले असतील. म्हणून त्यांनी पुढचा प्रयोग केला, आणि मला तोच खरा सुंदर वाटतो. संगणकातली देवळे काढून टाकली. प्रत्येक सुबाकाला चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटेल ते वेळापत्रक दिले. नियम एकच: वर्षाच्या शेवटी आजूबाजूला पाहा, शेजाऱ्यांत ज्याचे पीक सर्वांत चांगले आले, त्याचे वेळापत्रक पुढच्या वर्षी उचला. सुरुवातीला सगळा गोंधळ झाला. पण संगणकातली थोडी वर्षे लोटताच शेजारच्या सुबाकांचे गट जमू लागले, उत्पन्न वाढू लागले, आणि शेवटी जो नकाशा तयार झाला तो प्रत्यक्षातल्या देवळांच्या जाळ्याशी बराचसा जुळणारा होता. नदीचा संपूर्ण नकाशा कोणाच्याच डोक्यात नव्हता. प्रत्येकाला फक्त आपला बांध आणि शेजाऱ्याचे शेत दिसत होते.

हे संशोधन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. बँकेच्या स्वतःच्या मूल्यमापनात देवळांचे महत्त्व त्याआधीच, १९८८ मध्ये मान्य झाले होते. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाक व्यवस्थेला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

आता ते जड नाव. अशा व्यवस्थांना ‘जटिल अनुकूलनशील व्यवस्था’ म्हणतात. ‘जटिल’ म्हणजे फक्त पुष्कळ भागांची असे नव्हे. घड्याळातही पुष्कळ भाग असतात. पण घड्याळाचे एक चाक दुसऱ्याकडे पाहून आपले दाते बदलत नाही. सुबाक बदलते, तुडतुडाही बदलतो. पुष्कळ घटक, प्रत्येकाला जवळचे तेवढेच ठाऊक, प्रत्येक जण इतरांच्या वागण्यावरून आपले वागणे बदलणारा, आणि या सगळ्यांतून कोणीही न आखलेली एक घडी बसलेली: मुंग्यांचे वारूळ असे असते, बाजार असतो, आपल्या शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणाही अशीच असते. जॉन हॉलंड यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आणि १९८४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या सांता फे संस्थेने या सगळ्यांकडे एका नजरेने पाहायला शिकवले. लान्सिंग पुढे याच संस्थेशी जोडले गेले.

व्यवहारात याचा अर्थ असा, की अशा व्यवस्थेत हात घातला की ती उत्तर देते. घड्याळ दुरुस्त करणारा आणि शेतीला सल्ला देणारा यांच्या कामात हा मोठा फरक आहे. घड्याळजीच्या समोरचे चाक त्याच्या हेतूंचा अंदाज घेत नाही.

बालीत जे झाले ते आणखी नेमकेपणाने एका कॅनडियन शास्त्रज्ञाने आधीच मांडले होते, भाताऐवजी जंगलाच्या संदर्भात. सी. एस. हॉलिंग (१९३०–२०१९) हे त्यांचे नाव. पूर्व कॅनडाच्या सूचिपर्णी जंगलांत एक अळी असते. ती स्प्रूस आणि बाल्सम फर या झाडांच्या कोवळ्या कळ्या खाते. कित्येक वर्षे ती औषधालाही दिसत नाही. मग तीस-चाळीस वर्षांनी एकदा तिची लाट येते आणि जुनी झाडे मोठ्या प्रमाणावर मरतात. कारण असे की जंगल तरुण असते तोवर पक्षी अळ्या वेचून खातात. झाडे वाढून पालवी दाट झाली की पक्ष्यांना अळ्या सापडेनाशा होतात आणि त्यांची संख्या हाताबाहेर जाते. जुनी झाडे मरतात, खाली प्रकाश पोहोचतो, नवी रोपे वर येतात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

लाकडाच्या उद्योगाला ही मरतूक परवडणारी नव्हती. म्हणून न्यू ब्रन्सविक प्रांतात १९५२ पासून विमानांतून डीडीटी फवारायला सुरुवात झाली. झाडे वाचली. पण वाचली म्हणजे सगळीकडे एकाच वेळी जुनी आणि दाट होत गेली, म्हणजेच अळीला हवी तशी. पूर्वी जंगलात तरुण, मध्यम आणि म्हाताऱ्या झाडांची ठिगळे असत. आता अळीसाठी एकसलग ताट मांडलेले होते. फवारणी थांबवली तर पूर्वीपेक्षा मोठी लाट येणार, म्हणून ती थांबवता येईना. उपाय यशस्वी झाला आणि त्या यशानेच जंगल दुबळे झाले.

हॉलिंग यांनी १९७३ च्या एका निबंधात दोन गोष्टी वेगळ्या केल्या. त्यांपैकी दुसऱ्या गोष्टीला मराठीत काय म्हणावे, यावर साहित्याच्या व्यासपीठाने विचार करावा असे मला वाटते. पहिली गोष्ट म्हणजे स्थैर्य: धक्का बसल्यावर किती लवकर मूळ जागी येता. पुरात वाकणारे आणि पूर ओसरताच ताठ होणारे लव्हाळे आपण या अर्थाने वापरतो. दुसरी गोष्ट अशी: किती मोठा धक्का सोसूनही तुम्ही तुम्हीच राहता? मग जागा बदलली, संख्या खालीवर झाली तरी चालेल. ते जंगल अजिबात स्थिर नव्हते. दर पिढीत त्याची निम्मी-शिम्मी झाडे मरत. तरी ते हजारो वर्षे जंगलच राहिले. या दुसऱ्या गुणाला सरकारी मराठीत ‘लवचिकता’ म्हणतात. तो शब्द रबराला शोभतो. माझी पसंती ‘चिवटपणा’ला. रोज पडणारे आणि तरी न मोडणारे कुटुंब आपण चिवट म्हणतो, लवचिक म्हणत नाही.

चिवटपणाची पंचाईत ही की तो कमी होताना दिसत नाही. उत्पन्न दिसते, झाडे दिसतात, मोजता येतात. उथळ तळ्यांच्या अभ्यासातून हे फार स्पष्ट झाले आहे. नेदरलँड्‌सचे मार्टेन शेफर यांचे काम त्यात प्रसिद्ध आहे. स्वच्छ तळ्यात तळाशी पाणवनस्पती असतात. त्या गाळ धरून ठेवतात आणि शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म जीवांना आसरा देतात. खतांचे आणि सांडपाण्याचे पाणी येऊ लागले तरी वर्षानुवर्षे तळे तसेच दिसते. मग एखाद्या उन्हाळ्यात ते अचानक हिरवे गढूळ होते. प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही, वनस्पती मरतात, गाळ ढवळला जातो. आता सांडपाणी कालच्या प्रमाणावर आणले तरी तळे निवळत नाही; ते फार खाली, कित्येकदा बिघाड सुरू होण्याच्याही आधीच्या पातळीपर्यंत आणावे लागते. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत येता येत नाही. माझ्या मते या सगळ्या विचारपद्धतीतला आपल्या उपयोगाचा भाग हा आहे, कारण तो गोव्यात आपल्या डोळ्यांसमोर घडतो आहे.

खाजन जमिनी गोमंतकीयांना नव्याने सांगायला नकोत. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या खाड्यांकाठची, भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली जमीन बांध घालून समुद्राकडून मिळवली, ती खाजन. पोर्तुगीज येण्याच्या कित्येक शतके आधीपासून ती कसली जात आहे. साधारण १८ हजार हेक्टरांचा आकडा नेहमी दिला जातो. मातीचे बांध, बांधाबाहेर लाटांचा मार झेलणारी खारफुटी, आणि बांधात बसवलेली ‘मानस’. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने आपोआप उघडतात. पावसाळ्यात पावसाचे पाणी जमिनीतला खारटपणा धुऊन काढते आणि कोरगुटासारखे खारे सोसणारे भात उभे राहते. भात निघाले की दाराशी मासळी आणि सुंगटे धरतात. काही ठिकाणी मिठागरे चालतात.

इथेही बालीसारखाच पेच आहे. भात करणाऱ्याला खारे पाणी बाहेर हवे. मासळी धरणाऱ्याला ते आत हवे, कारण पाण्याबरोबर मासळी येते. दोघांच्या मध्ये एक लाकडी दार. हा पेच गावकरीने, पुढे जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटले तिने, सोडवला होता. १५२६ च्या फोरालात या गावसंस्थेच्या रूढी लिहून ठेवलेल्या आहेत. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव हीच संस्था करी आणि बांधांची डागडुजीही हीच संस्था करी. जिच्या हातात दाराचे उत्पन्न, तिच्याच डोक्यावर बांधाचा खर्च. दार फार वेळ उघडे ठेवून लिलावाची रक्कम वाढवली, तर आत खारे पाणी शिरून भात आणि बांध दोन्हींचे नुकसान तिलाच सोसावे लागे. बालीत वरच्या-खालच्यांना किडीने बांधले होते. इथे हिशेबाच्या एका वहीने.

मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन झाली. गावकरीत जो कसत होता त्याला मत नव्हते, बायकांना नव्हते. जुनी व्यवस्था चिवट होती म्हणून ती न्याय्य होती, असे कोणी म्हणू नये. ज्यांच्या घामावर ते बांध उभे होते त्यांना जमीन मिळायलाच हवी होती. पण कायद्याने जमिनीचा प्रश्न पाहिला; दार, बांध आणि शेत यांना एकत्र धरणारा हिशेब हे त्याच्या नजरेबाहेर राहिले. बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे आली. मासळीची, विशेषतः सुंगटांची किंमत मात्र भाताच्या कितीतरी पुढे गेली. ज्याने लिलावात दार घेतले त्याचा शेताशी संबंध उरला नाही, आणि ज्याचे शेत त्याचे घर हळूहळू नोकरीवर चालू लागले. दारे वेळी-अवेळी उघडी राहू लागली. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडले गेल्याच्या तक्रारी झाल्या. त्यात खनिजाच्या बार्जेसच्या लाटांनी बांध पोखरले, आणि समुद्राची पातळीही आता वाढते आहे.

ठेकेदार नफा पाहतो, शेतकरी पडीक शेताकडे पाठ फिरवतो, खाते तक्रार आली की दगडी भिंत घालते. प्रत्येक जण आपल्या जागेवरून शहाणपणाचेच वागत असतो. शेजाऱ्याचे पाहून शिकणे इथेही चालू आहे: एकाने शेत पडीक टाकले की त्याच्या बांधातून शिरणारे खारे पाणी पुढच्याला पडीक टाकायला भाग पाडते. बालीत ज्या यंत्रणेने घडी बसवली, तीच यंत्रणा इथे घडी उसवते. अनुकूलनशीलता हा शब्द ऐकून काहीतरी मंगल आपोआप घडेल असे ज्यांना वाटते, त्यांनी ही बाजूही पाहावी.

आणि एकदा उंबरठा ओलांडला की तळ्यासारखेच होते. बांध फुटून दोन-चार वर्षे खारे पाणी आत खेळले की त्या शेतात खारफुटीची रोपे उगवतात. दहा वर्षांत तिथे जंगल उभे राहते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते असायला हवेच. पण मग ज्याला शेत परत करायचे आहे त्याला नुसता बांध बांधून भागत नाही. आता त्याच्यासमोर कायदा उभा असतो. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी खास तरतूद आहे: त्यांचे रक्षण करावे आणि व्यवस्थापनाची योजना करावी. त्याच अधिसूचनेत खारफुटीचेही रक्षण आहे. कागदावर दोन्ही नीट नांदतात. फुटलेल्या बांधाच्या आत मात्र ती एकमेकांसमोर येतात.

प्रत्येक बुडालेले खाजन परत शेत व्हावे असे मला वाटत नाही. खारफुटीचे जंगल हीदेखील एक चांगली, मासळीने भरलेली अवस्था आहे. काही जागा तिला देऊन टाकाव्यात. पण ज्या बांधामागे वस्ती आहे, गोड्या विहिरी आहेत, तिथे वाट पाहणे महागात पडेल, कारण परतीचा रस्ता दर वर्षी लांबतो. नवे सिमेंटचे दरवाजे बसवण्याआधी तुटलेला हिशेब जोडावा. मानशीच्या लिलावाचा पैसा आधी त्याच बांधावर खर्च व्हावा आणि दार कधी उघडायचे हे त्यामागच्या शेतकऱ्यांना विचारून ठरावे, एवढी अट प्रत्येक लिलावात घालून ती पाळली गेली तरी शेजारी पुन्हा एकमेकांत अडकतील. पावसाळ्याआधी बांधावर चिखल चढवायला माणसे कुठून आणायची, हा प्रश्न त्यानंतरही उरतो. त्याचे उत्तर बालीत शोधून मिळणार नाही. तिथलीही तरुण मुले भातखाचरे सोडून हॉटेलांच्या नोकरीकडे निघाली आहेत.